थेंबही न गळणारा ड्रम

सोमवार, ८ जानेवारी

स्वतःच्या हातांनी बनवलेल्या वस्तू, आजअखेर:

१. पर्जन्यमापक. काचेची बाटली, पत्र्याचं नरसाळं. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक. अजून पाऊस पडलेला नाही, त्याला मी काय करणार.
२. पाण्याचं गाळण. वाळू, कोळसा, खडी. प्रत्येक थर अकरा सेंटिमीटर. साडेअकरा नाही.
३. सौर पेटी. आतून आरसे. दोन तासांत पाणी कोमट होतं.
४. गांडुळांसाठी लाकडी घर, तीन मजली. गांडुळं मिळवायची आहेत.
५. खताचा ड्रम. एकशेवीस लिटर, आडवा, बेअरिंगवर फिरणारा. झाकणाला रबरी गॅस्केट, चार क्लॅम्प. पाणी भरून, खाली कोरा कागद अंथरून चोवीस तास ठेवला. कागद कोराच.

यातली एकही गोष्ट बाजारातून तयार आणलेली नाही. (बेअरिंग सोडून. थर्मामीटर सोडून. बिजागऱ्याही सोडून.)

कुठल्या कॉलेजची पायरी चढलो नाही. टाक्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, वस्तू उघडून उघडून शिकलो. माझ्या हाताखालून गेलेली एकही टाकी कधी गळली नाही. गेल्या वर्षी कारखाना दुसऱ्या गावी हलला. मी गेलो नाही. सौ. म्हणते, तुम्हाला नेलं नाही. तिला बारकावे कळत नाहीत.

परवापासून शाळेतला पर्यावरण वर्ग माझ्याकडे. शाळा सुटल्यावर, चार ते सहा, सोमवार-बुधवार-शुक्रवार. आठवी-नववीची अकरा मुलं. सध्या बिनपगारी. ९ फेब्रुवारीला समिती येणार. त्यांना वर्ग पसंत पडला तर तो कायमचा होणार आणि त्याला पगारी शिक्षक मिळणार. नाही पडला तर वर्ग बंद, आणि मुलं त्या वेळात गणिताच्या जादा तासाला.

पगारी शिक्षक कोण, हे उघड आहे. धोरण ठरलंय. पहिली ऑफर नाकारायची. हे तत्त्व आहे. पंधरा हजार म्हणाले तर हसून नाही म्हणायचं. अठरा म्हणाले की चहा पिता पिता हो म्हणायचं.

बुधवार, १० जानेवारी

पहिला वर्ग. स्वतःची ओळख करून दिली. दहा मिनिटं ठरवली होती, पन्नास लागली. मुलं तल्लीन. मागच्या बाकावरचा एक मुलगा तर उघड्या डोळ्यांनी झोपला होता, इतका. त्याचं नाव झोप्या ठेवलं. दुसरा एक आहे, प्रत्येक वाक्याला 'कशावरून?' विचारतो. तो वकील.

आमची कन्याही याच वर्गात. तिला बजावलं, वर्गात मी बाबा नाही, सर. नियम सगळ्यांना सारखा.

ड्रमसमोर साठ सेंटिमीटरवर पिवळी रेघ मारली. रेघेच्या मागून निरीक्षण करायचं. शेजारी पाटी लावली: हात लावू नये.

मुख्याध्यापिका बाई डोकावल्या. पाटी वाचली. मग पर्समधून वर्गाचं छापील पत्रक काढून वाचलं: मुलांनी स्वतःच्या हातांनी करून शिकावे. म्हणाल्या, मग यात हात कुणाचे? म्हणालो, बाई, आधी नजर तयार होते, मग हात. म्हणाल्या, नऊ तारखेपर्यंत होतील ना तयार? बोलणं उगाच लांबलं असतं म्हणून मी विषय संपवला.

घरी कन्या म्हणाली, सर, पाणी हवंय का? सौ. हसत स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आलीच नाही.

शुक्रवार, १२ जानेवारी

ड्रम भरला. शाळेच्या कँटीनमधून भाज्यांची सालं, देठ, उरलंसुरलं. एकतीस किलो. प्रत्येक साल दोन सेंटिमीटरचा चौकोन करून कापलं. मीच कापलं, मुलांच्या हातून मापं चुकतात. वकील म्हणाला, दोन सेंटिमीटरच कशावरून? त्याला म्हटलं, अनुभवावरून.

कन्येने हात वर केला. सर, यात हवा कुठून जाणार?

म्हणालो, जाणारच नाही. तीच तर कारागिरी.

म्हणाली, पण पुस्तकात आहे, कचरा कुजवणारे जीव श्वास घेतात. हवा नसेल तर दुसरेच जीव वाढतात आणि घाण वास येतो. झाकणाला भोकं पाडू या ना चार.

भोकं! मी तिला शांतपणे विचारलं, पुस्तक लिहिणाऱ्याने आयुष्यात एक तरी टाकी बनवली आहे का? वर्ग गप्प. मुद्दा पटला असावा.

झाकण लावलं, क्लॅम्प आवळले. ड्रम उजवीकडून दीड वळसा फिरवायचा, दर दोन दिवसांनी. फिरवायचा मी.

सोमवार, १५ जानेवारी

ड्रमचं तापमान २४. बाहेरचं तापमान २४. थर्मामीटर अचूक असल्याचा पुरावा.

मुलांनी वहीत ड्रमची आकृती काढली. चार रंगांत. वकिलाची आकृती चांगली आहे, पण त्याने गॅस्केट जांभळं केलं. पुन्हा काढायला लावलं.

सौ. म्हणाली, स्वयंपाकघरातला नळ गळतोय, तीन महिने झाले. माहीत आहे. मिनिटाला बेचाळीस थेंब. मोजून नोंद केली आहे. दुरुस्ती नेहमी मोजमापानंतर करावी. ती म्हणाली, गावभर टाक्यांची गळती बुजवत फिरा आणि घरात बादली लावा, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी म्हटलं, वॉशर आणला की बघतो. ती म्हणाली, वॉशर नोव्हेंबरात आणलाय, तुमच्याच टेबलावर आहे.

बुधवार, १७ जानेवारी

आनंदाची बातमी. मुलं वर्गातून अर्धा तास आधी उठू का म्हणून विचारतात. पंपाच्या खोलीमागे बसून निरीक्षणांवर चर्चा करायची म्हणे. अशी ओढ लागली पाहिजे. परवानगी दिली.

शिपाई तीन मोडके भाजीचे क्रेट घेऊन चालला होता. विचारलं तर म्हणाला, फेकायला. फेकायची जागा फाटकाकडे, हा निघाला पंपाच्या खोलीकडे. इतकी वर्षं शाळेत असून दिशा कळत नाहीत.

शुक्रवार, १९ जानेवारी

झोप्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. त्याला स्वच्छतेवर वीस मिनिटं सांगितलं. आश्चर्य म्हणजे पूर्ण वेळ जागा होता. नखं बघत हसत होता.

कपाटातलं जादा थर्मामीटर सापडत नाही. कँटीनवाली म्हणते, सालं आता पोरंच घेऊन जातात. घरच्या झाडांना घालत असतील. वर्गाचा परिणाम.

सोमवार, २२ जानेवारी

ड्रमचं तापमान २५. माझ्या हिशोबाने एव्हाना ५० हवं होतं. थर्मामीटर बिघडलं आहे. बाजारातल्या वस्तूंचा हाच त्रास.

झाकण मधोमध तीन मिलिमीटर फुगलं आहे. पट्टी लावून मोजलं. आत जोर आहे आणि तरी हवेचा कण बाहेर नाही. कारखान्यातल्या मुकादमाने हे पाहायला हवं होतं.

बुधवार, ३१ जानेवारी

गेले नऊ दिवस भाषणाच्या तयारीत. त्यामुळे नोंदी राहिल्या. भाषणाचे तीन भाग: बालपण, टाक्या, ड्रम.

जेवताना कन्या एकदम म्हणाली, बाबा, एकदा पंपाच्या मागे या ना. दाखवायचंय काहीतरी. पाचच मिनिटं.

मी म्हटलं, नऊ तारखेनंतर. आता भाषणाचा मधला भाग बसत नाहीये.

तिने ताटाभोवतीची शितं गोळा केली. मग म्हणाली, बरं, सर.

घरात सर म्हणायची गरज नसते, हे तिला सांगायला हवं. राहून गेलं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

झाकण नऊ मिलिमीटर फुगलं. ड्रम अधूनमधून गुरगुरतो. वकिलाने बाक उचलून पिवळ्या रेघेच्याही दोन मीटर मागे नेला. कुणी न सांगता. याला म्हणतात शिस्त.

कन्या म्हणाली, सर, समिती यायच्या आधी एकदा उघडून बघू. प्लीज. म्हटलं, सील तुटेल ते समितीसमोर. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही केली. ती सहीकडे बघून म्हणाली, निदान चांगला शर्ट घालू नका त्या दिवशी. पोरगी बापाच्या कपड्यांकडे लक्ष देते. बरं वाटलं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

बाईंनी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, समितीच्या मॅडम एकच प्रश्न विचारतात, मुलांनी काय केलं? काय सांगणार? मी म्हटलं, बाई, तुम्ही फक्त मॅडमना पुढच्या खुर्चीवर बसवा. त्यांनी कपाळाला हात लावला. डोकं दुखत असावं, दिवसभर मुलांचा गोंगाट.

आरशासमोर 'पंधरा? नाही हो' हे वाक्य म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा बरोबर जमलं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी, दुपारी दोन

नवा शर्ट. भाषण सतरा मिनिटं. क्लॅम्पना तेल दिलं. झाकण चौदा मिलिमीटर.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी, संध्याकाळी सात

दोनदा अंघोळ केली. तिसऱ्यांदा करणार आहे.

जे घडलं ते क्रमाने लिहितो. भावनेच्या भरात नोंद बिघडू नये.

४.१०. समिती आली. मॅडम आणि दोन गृहस्थ. मॅडम पुढच्या खुर्चीवर.

४.१२. मॅडमनी पाटी वाचली. वकिलाला विचारलं, यातलं तुम्ही काय केलंत? वकील म्हणाला, आकृती काढली. चार रंगांत. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. एकच शब्द होता आणि छोटा होता.

४.१५. भाषण सुरू. बालपण झालं. टाक्या झाल्या. एक गृहस्थ घड्याळ बघायला लागले, म्हणून ड्रमवर आलो.

४.३०. पहिला क्लॅम्प काढला. दुसरा काढला. कन्या रेघ ओलांडून पुढे आली आणि माझी बाही धरून म्हणाली, बाबा, नको ना. मी म्हटलं, रेघेच्या मागे.

४.३१. तिसरा क्लॅम्प काढला. चौथा मला काढावा लागला नाही.

आवाज फार मोठा नव्हता. फाटका ढोल वाजल्यासारखा, इतकंच. झाकण माझ्या खांद्यावरून मागे गेलं. कचरा पुढे आला. एकतीस किलो आत गेला होता, त्यातला साधारण नऊ बाहेर आला, हा अंदाज आहे. तो आता दोन सेंटिमीटरच्या चौकोनांत नव्हता. रंग काळा, घट्टपणा आमटीपेक्षा जरा दाट. वासाबद्दल लिहीत नाही. एक गृहस्थ पाठमोरे होऊन भिंतीला टेकले. मॅडमचे बूट पांढरे होते.

शिपाई म्हणाला, पण काही म्हणा साहेब, महिनाभर गळालं मात्र नाही.

त्याचा आभारी आहे.

बाईंनी वही मिटली. आता वर्ग गेला, मुलं गणिताला गेली, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. तेवढ्यात कन्या पुढे आली. मॅडमना म्हणाली, मॅडम, बूट धुवायला नळ पंपाच्या मागे आहे. चला. तिथं आमचंही एक काम आहे, तेवढं बघा.

आमचंही!

पंपाच्या खोलीमागे तीन मोडके क्रेट एकावर एक. सगळीकडून फटी. सालांचा थर, वाळक्या पानांचा थर, फाडलेल्या खोक्यांचा थर. मापं कुठलीच सारखी नाहीत. मधोमध माझं जादा थर्मामीटर. आकडा: ४८. झोप्याने कोपरापर्यंत हात घालून खालचं वर केलं आणि एक मूठ मॅडमच्या तळहातावर ठेवली. काळं, भुरभुरीत. मॅडमनी वास घेतला. त्या म्हणाल्या, ओल्या मातीचा वास आहे.

मग प्रश्नावर प्रश्न. अकराच्या अकरा मुलं एकाच वेळी बोलत होती. पहिल्या आठवड्यात फार ओलं झालं, मग पुठ्ठा घातला. मुंग्या झाल्या, मग वरखाली केलं. वकिलाने रोजचे आकडे वाचून दाखवले. मॅडमनी विचारलं, हवा लागते हे कशावरून? तो म्हणाला, सरांच्या ड्रमवरून.

मी मागे उभा होतो. मला कुणी पुढे बोलावलं नाही. माझ्या अंगाचा वास पाहता ते योग्यच होतं.

४८ म्हणजे माझ्या हिशोबाने दोन अंश कमीच. नोंद असावी म्हणून लिहितो.

शनिवार, १० फेब्रुवारी

सौ.ने शर्ट काठीने उचलून बाहेर नेला. म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

दिवसभर काही बनवलं नाही.

दुपारी लक्षात आलं, घरात शांतता आहे. थेंब पडत नव्हता. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. कन्येने नळ उघडून, जुना वॉशर काढून नवा बसवला होता. माझाच पाना. मला न विचारता. उलटा बसवला असेल म्हणून पुन्हा उघडून पाहिला. नीट होता. पुन्हा बंद केला. पाच मिनिटं घड्याळ लावून उभा राहिलो. शून्य थेंब.

ती दारातून बघत होती. म्हणाली, बघून बघून शिकले. नऊ वर्षं तुमच्या टेबलापाशी उभी राहते, तुम्ही कधी हात लावू दिला नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

बाईंनी बोलावलं. निर्णय आला. वर्ग कायम. पगारी शिक्षक तूर्त नाही. समितीने लिहिलंय, मुलं स्वतः समर्थपणे करीत आहेत, देखरेखीला विज्ञान शिक्षिका पुरेशा आहेत. बाई म्हणाल्या, तुम्ही या हवं तेव्हा, पोरांना आवडेल. फक्त तो ड्रम शुक्रवारपर्यंत हलवा. शेजारच्या वर्गाने अर्ज दिलाय.

म्हणजे पंधरा नाही. अठराही नाही. शून्याला नाही म्हणायची सोय नसते, हा विचार मी केला नव्हता.

फाटकाशी भंगारवाला उभा होता. शिपायाने सांगितलं असणार. ड्रमभोवती एक फेरी मारली, नाक धरून. बोटाने वाजवला. म्हणाला, काका, माल चांगलाय पण वास जाता जाणार नाही. दोनशे वीस देतो, ढाच्यासकट. मी म्हटलं, हे गॅस्केट हाताने कापलंय. तो म्हणाला, मग दोनशे वीसच.

नाही म्हणालो. सांगितलं, शुक्रवारी बघू.

बुधवार, १४ फेब्रुवारी

वर्गाला गेलो नाही. ताप असावा. थर्मामीटर शाळेत आहे, मुलांच्या क्रेटमध्ये.

संध्याकाळी कन्या खोलीत आली. खुर्ची ओढून बसली. म्हणाली, बाबा, क्रेट भरलेत. आता मोठं काहीतरी हवंय आणि हातांनी वरखाली करून झोप्याची पाठ दुखते. फिरणारं असेल तर किती सोपं पडेल. ते बेअरिंग कसले भारी फिरतात तुमचे.

म्हणाली, फक्त भोकं पाडावी लागतील. बरीच.

मी विचारलं, किती मिलिमीटरची?

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

ड्रम चार पाण्यांनी धुतला. आखणी मी केली. बारा रांगा, प्रत्येकी आठ. एकूण शहाण्णव भोकं, आठ मिलिमीटरची, दोन भोकांत सत्तर मिलिमीटर. खडूने खुणा केल्या. मग ड्रिल हातात घेतलं आणि पहिल्या खुणेवर टेकवलं. बटण काही दाबलं जाईना. बावीस वर्षांची सवय. बोट ऐकत नव्हतं.

कन्येने हात पुढे केला. म्हणाली, द्या.

दिलं.

मी जवळ वाकून बघत होतो तर वकील म्हणाला, सर, रेघेच्या मागे. पिवळी रेघ अजून होती. सगळी हसली. मीही गेलो मागे. तिथून नीट दिसत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पहिलं भोक खुणेपासून अर्धा मिलिमीटर डावीकडे. आळीपाळीने सगळ्यांनी पाडली. एकेचाळिसावं सरळसरळ वाकडं, झोप्याचं. साठाव्यापासून मोजणं सोडलं. ओल्या सालांनी ड्रम भरला, फिरवला. दीड वळसा नाही, पोरांनी पाच-सहा वळसे मारले, दोन्ही दिशांना. प्रत्येक भोकातून पाणी ठिबकत होतं. खाली कागद अंथरला असता तर लगदा झाला असता. 'हात लावू नये' ची पाटी त्यांनी ड्रमखाली थेंब झेलायला आडवी ठेवली आहे. मापात बसली.

सहा वाजता भंगारवाला पुन्हा आला. शुक्रवार म्हणालो होतो, माणूस वक्तशीर. ड्रमकडे बघतच राहिला. म्हणाला, अहो काका, ह्याची चाळण कुणी केली? आता एकशे साठच्या वर एक पैसा मिळणार नाही.

पहिली ऑफर नाकारायची, हे माझं तत्त्व. ती सोमवारीच नाकारली होती. आज दुसरीही नाकारली, सगळ्या मुलांसमोर, न हसता.

एकशे साठ.